मानसशास्त्र म्हणजे काय? सूरजागडच्या उदाहरणातून मुख्य दृष्टिकोन

मन आणि वर्तन यांचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे मानसशास्त्र. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतील लाइपझिग येथे प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हे स्वतंत्र शास्त्र मानले जाते. भारतातील पहिली प्रयोगशाळा कलकत्ता विद्यापीठात, १९१५ साली.

आता गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागड पाहा. हा डोंगर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि त्याच डोंगरात लोहखनिजाची खाण आहे. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी इथली वाहने जाळली. २०२१ पासून उत्खननाने वेग घेतला. समजा, खाणीच्या रस्त्यालगतच्या गावातील एका माणसाची झोप उडाली आहे. का?

जैविक दृष्टिकोन मेंदू, संप्रेरके आणि रात्रभरचा ट्रकचा आवाज तपासेल. फ्रॉइड यांचे मनोविश्लेषण दडपलेला संघर्ष शोधेल. वॉटसन यांनी १९१३ मध्ये मांडलेला वर्तनवाद विचारेल की गाडीच्या आवाजाशी भीती जोडली गेली आहे का. मास्लो आणि रॉजर्स यांचा मानवतावाद त्याचे म्हणणे आधी नीट ऐकून घेईल.

बोधात्मक दृष्टिकोन विचारांकडे पाहतो. घरातला मुलगा खाणीत कामाला आणि घरचा देव त्याच डोंगरावर, ही ओढाताण लिऑन फेस्टिंगर यांच्या ‘बोधात्मक विसंगती’त (१९५७) बसते. अशा वेळी माणूस एक बाजू सोडतो किंवा दोन्ही जुळवणारे कारण शोधतो. विचार बदलून भावना सावरण्याची अल्बर्ट एलिस यांची उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. पण डोंगरच खरोखर खणला जात असेल, तर दुःखाला ‘चुकीचा विचार’ म्हणता येत नाही.

इथे सामाजिक-सांस्कृतिक दृष्टिकोन जास्त उपयोगी पडतो. ऑस्ट्रेलियातील हंटर खोऱ्यात कोळशाच्या खाणींनी परिसर बदलला. घर न सोडताही तिथल्या लोकांना घर हरवल्यासारखे वाटत होते. ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी या वेदनेला ‘सोलास्टॅल्जिया’ असे नाव दिले. सूरजागडला हा शब्द लावून पाहण्याजोगा आहे, मात्र विचारपूस माडियातच व्हायला हवी. मराठी प्रश्नावलीला मिळणारे ‘ठीक आहे’ हे उत्तर फक्त सभ्यपणाचे असू शकते.