मिनी पीसी

मिनी पीसी हा आकाराने लहान असा डेस्कटॉप संगणक होय. नेहमीच्या उभ्या कॅबिनेटमध्ये असणारे प्रोसेसर, रॅम, साठवण इत्यादी सर्व घटक यात पुस्तकाएवढ्या किंवा त्याहूनही लहान पेटीत बसविलेले असतात. लेखन, इंटरनेट, पत्रव्यवहार आणि चित्रफिती पाहणे या घरगुती कामांसाठी जुन्या डेस्कटॉपच्या जागी तो वापरला जातो.

रचना

बहुतेक मिनी पीसींमध्ये लॅपटॉपसाठी बनविलेला, कमी विजेवर चालणारा प्रोसेसर असतो. वीजपुरवठ्याचा भाग पेटीबाहेर, चार्जरसारख्या ॲडॉप्टरमध्ये असतो. पडदा, कळफलक व माऊस स्वतंत्रपणे जोडावे लागतात. त्यामुळे घरातील जुनी साधने उपयोगात राहतात. मॉनिटरला केवळ व्हीजीए जोडणी असल्यास कन्व्हर्टर घ्यावा लागतो.

इतिहास

ॲपल कंपनीने जानेवारी २००५ मध्ये मॅक मिनी हा सुमारे १६.५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा संगणक बाजारात आणला. इंटेलने २०१२ मध्ये एनयूसी ही मालिका जाहीर केली. २०२३ मध्ये तिचे काम एसस कंपनीकडे गेले. मुंबईच्या आयबॉल कंपनीने २०१५ मध्ये दूरचित्रवाणी संचाच्या एचडीएमआय पोर्टमध्ये बसणारा 'स्प्लेंडो' हा पेनड्राइव्हसारखा संगणक ८,९९९ रुपयांस आणला. त्यात २ जीबी रॅम व ३२ जीबी साठवण होती. ऑगस्ट २०२३ मध्ये भारत सरकारने आयातीवर निर्बंध घातलेल्या संगणकांच्या यादीत अतिलघु आकाराच्या संगणकांचाही समावेश केला. पुढे त्यासाठी ऑनलाइन मंजुरीची पद्धत लागू झाली.

विजेचा वापर

साध्या कामात जुना डेस्कटॉप सुमारे ८० वॉट आणि मिनी पीसी सुमारे १५ वॉट वीज घेतो असे धरल्यास, रोज ४ तासांच्या वापरात वर्षाकाठी सुमारे ९५ युनिट विजेची बचत होते. लॅपटॉपप्रमाणे बॅटरी नसल्याने वीज जाताच मिनी पीसी बंद पडतो. मात्र वीज कमी लागत असल्याने त्याच यूपीएसवर तो जुन्या डेस्कटॉपपेक्षा अधिक वेळ चालतो.

उष्ण हवामानातील वापर

अनेक उत्पादक मिनी पीसीसाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीतील तापमानाची शिफारस करतात. वर्धा जिल्ह्यासह विदर्भात मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंशांच्या आसपास पोहोचते. लहान पेटीत उष्णता लवकर साठते. प्रोसेसर आपली गती कमी करतो आणि पंख्याचा आवाज वाढतो. म्हणून पेटी बंद कपाटात किंवा भिंतीला टेकवून न ठेवता तिच्या झरोक्यांभोवती मोकळी जागा सोडावी लागते. पाण्यावर चालणाऱ्या कूलरची दमट हवा थेट तिच्यावर येणेही टाळले जाते.

जुन्या मराठी मजकुराचे स्थलांतर

मराठी वापरकर्त्यांसाठी संगणक बदलण्यातील हा सर्वांत नाजूक टप्पा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा बराच मजकूर पुण्याच्या सी-डॅक संस्थेची आयएसएम प्रणाली, श्रीलिपी यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये व त्यांच्या विशिष्ट फॉन्टमध्ये लिहिलेला आहे. ते फॉन्ट नव्या संगणकावर नसल्यास तोच मजकूर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. काही जुन्या सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या समांतर पोर्टवर बसणारे हार्डवेअर लॉक लागते. मिनी पीसीवर हा पोर्ट सहसा नसतो. म्हणून जुना संगणक चालू असतानाच मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, जोडाक्षरे व रफार तपासणे आणि मूळ फाइल तसेच पीडीएफ प्रत बाह्य ड्राइव्हवर जतन करणे श्रेयस्कर ठरते. जुनी यंत्रणा मोडीत गेल्यावर हे काम अवघड होते.

मर्यादा

रॅम व एसएसडी अनेक मिनी पीसींत बदलता येतात. काहींत मात्र रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसविण्यास बहुधा जागा नसते. मदरबोर्ड बिघडल्यास स्थानिक बाजारात सुटा भाग मिळेलच असे नाही. त्यामुळे केवळ गती वाढविणे हा हेतू असेल, तर जुन्या डेस्कटॉपला एसएसडी बसविणे हा स्वस्त पर्याय ठरू शकतो. वापरातून काढलेला संगणक माहिती पुसून नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे दिला जातो. यासंबंधीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.