प्लेगची लस आणि झाडू धरणारे हात

१८९६च्या प्लेगचा इतिहास म्हटला की विद्यार्थ्यांच्या वहीत दोन गोष्टी उतरतात : रँडचा खून आणि हाफकिनची लस. एक जुलमाविरुद्धच्या सूडाची कथा, दुसरी विज्ञानाच्या पराक्रमाची. या दोहोंच्या मध्ये जो समाज राबत होता आणि मरत होता, त्याचे पान कोरेच राहते.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन आले. ते ओडेसाचे ज्यू. धर्म बदलण्यास नकार दिल्याने रशियात त्यांची वाट अडली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकड्या जागेत त्यांनी मांसरसावर तुपाचे थेंब तरंगवून जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढचा प्रयोग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवी कैद्यांवर झाला. कैद्याची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

त्या दिवसांत लोक शहर सोडून पळत होते. हलालखोर आणि झाडूवालेही निघून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही धास्ती पालिका आयुक्त स्नो यांनी आपल्या अहवालात नोंदवली आहे. म्हणजे शहराचे आरोग्य कोणाच्या हातांवर उभे आहे, हे सत्तेला पुरते ठाऊक होते. इतिहासात मात्र ते हात निनावीच राहिले.

हाफकिनने लस टोचून घेतल्याला बरोबर दोन महिने झाले त्या दिवशी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले होते. त्या सेवेतच त्यांना लागण झाली. प्रयोगशाळा आणि महारवाडा यांतले अंतर केवळ मैलांचे नव्हते. ते ओलांडायला लशीबरोबर अशी पाठही लागते.

१८९९मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९०२मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एका बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. खापर हाफकिनवर फुटले, ते निलंबित झाले आणि १९०७मध्ये निर्दोष ठरले. परक्याला दोषी धरणे व्यवस्थेला नेहमीच सोपे जाते. १९२५मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले, ते रास्तच.

१६ जानेवारी २०२१ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये कोरोनाची पहिली लस एका सफाई कामगाराला टोचली गेली. त्याचे छायाचित्र देशभर छापून आले. पण हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्यानंतरही माणसे गटारांत गुदमरून मरत आहेत. त्या मरणावर लस नाही. त्याचा जंतू जातिव्यवस्थेत आहे, आणि तो मारण्याचे काम प्रयोगशाळेवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.