नव्या माशांना चार आठवडे वेगळी टाकी

दिवाणखान्यातील मत्स्यपेटीत दोन-तीन वर्षे सुखाने नांदणारे मासे एखाद्या नव्या माशाच्या आगमनानंतर काही दिवसांतच एकापाठोपाठ एक मरू लागतात. पाणी बिघडले असावे, खाद्य निकृष्ट असावे, असे तर्क लढविले जातात. अनेकदा खरे कारण मात्र नव्या माशाबरोबर आलेला रोग हे असते. म्हणूनच नवा मासा थेट मुख्य टाकीत न सोडता सुमारे चार आठवडे वेगळा ठेवणे हिताचे ठरते.

शोभिवंत मासे कोलकाता, चेन्नईसारख्या केंद्रांतून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून दूरवर पाठविले जातात. प्रवास, गर्दी आणि पाण्यातील बदल यांमुळे त्यांची प्रतिकारशक्ती घटते. दुकानात निरनिराळ्या ठिकाणचे मासे एकत्र आल्यास रोगाचा प्रसार सहज होतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हे याचे ठळक उदाहरण. त्याचा परजीवी माशाच्या त्वचेखाली व कल्ल्यांत वाढतो. त्वचेवर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसतात. पण तो केवळ कल्ल्यांत असल्यास मासा वरकरणी निरोगी भासतो. पूर्ण वाढलेला परजीवी माशाला सोडून तळाशी किंवा वनस्पतींवर चिकटतो. तेथे त्याचे विभाजन होऊन शेकडो नवे परजीवी पाण्यात पोहू लागतात व दुसरा मासा शोधतात. औषधाचा परिणाम या पोहणाऱ्या अवस्थेवरच होतो. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास हे चक्र साधारण आठवडाभरात पुरे होते. थंड पाण्यात ते अधिक लांबते. त्यामुळे दोन-चार दिवसांचे निरीक्षण पुरेसे ठरत नाही.

वेगळ्या टाकीसाठी फार खर्च येत नाही. लहान माशांसाठी ४० ते ६० लिटरची टाकी, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, हीटर आणि झाकण एवढे साहित्य पुरते. तळाशी खडी घालू नये. लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे ठेवावेत. स्पंज आधी तीन-चार आठवडे मुख्य टाकीत ठेवल्यास त्यात उपयुक्त जिवाणू वाढतात व नव्या टाकीतील अमोनियाचा धोका कमी होतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालविण्यासाठी सोडियम थायोसल्फेट, अर्थात 'हायपो', वापरतात.

पिशवी १५ ते २० मिनिटे टाकीत तरंगत ठेवून दोन्हीकडील पाण्याचे तापमान समान होऊ द्यावे. नंतर मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. मासा अंग घासतो का, पर मिटून राहतो का, श्वास जलद घेतो का, अन्न नाकारतो का, याकडे रोज लक्ष द्यावे. लक्षणे दिसल्यास उपचार याच टाकीत करावेत. तांबेयुक्त औषधे कोळंबी व गोगलगायींना मारक असल्याने ती मुख्य टाकीत वापरणे धोक्याचे असते.

दोन्ही टाक्यांची जाळी, बादली व नळी स्वतंत्र असावी. काम आधी मुख्य टाकीचे आणि नंतर वेगळ्या टाकीचे करावे. त्यानंतर हात साबणाने धुवावेत. मधल्या काळात आणखी एखादा मासा त्यात सोडला, तर चार आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावी लागते. ही प्रतीक्षा कंटाळवाणी वाटली, तरी जुन्या माशांचा जीव त्यावरच अवलंबून असतो.