नखावरचा पांढरा ठिपका आणि कॅल्शियमची गोळी

हेडफोन लावलेत? मग एक काम करा. मोबाइल धरलाय त्या हाताचा अंगठा जरा उजेडात घ्या आणि नखाकडे नीट बघा. आजचा भाग या नखाचा इतिहास.

माकणी म्हणजे लोहारा तालुक्यातलं, तेरणेवरच्या धरणाचं गाव. इथं काय किंवा पुण्यातल्या फ्लॅटमध्ये काय, दिवे लागल्यावर नेलकटर हातात घेतला की आतून आवाज येतोच, "आत्ता नको, लक्ष्मी जाते!" शनिवारी नको, अमावास्येला तर नकोच. आणि हल्ली त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर 'वैज्ञानिक कारण' सांगणारे फॉरवर्ड येतात, ग्रहांचे किरण वगैरे. ते सोडा. कारण असेल तर ते फार साधं असावं.

नेलकटर ही नवी वस्तू आहे. अमेरिकेत त्याची पेटंटं निघाली ती १८७०-८० च्या दशकांत. आपल्याकडे गावात नखं काढायचा तो न्हावी, नराणीनं. नराणी म्हणजे उघड्या धारेचं छोटं हत्यार. न्हावी बलुतेदार, त्यामुळे या कामाचा मोबदला सुगीला धान्यात. आता कल्पना करा, चिमणीचा मिणमिणता उजेड आणि बोटाच्या टोकाशी उघडं पातं. जखम छोटी असली तरी धनुर्वाताची भीती मोठी होती. त्याची लस सर्रास वापरात आली ती दुसऱ्या महायुद्धात. त्या काळात कुणी "रात्री नको" म्हणालं असेल, तर मी त्या माणसाला अडाणी म्हणणार नाही. फक्त चिमणी गेली, वीज आली, आणि नियम तसाच राहिला.

बरं, "जुन्या ग्रंथांत लिहिलंय" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चरकसंहितेत पंधरवड्यातून तीनदा नखं कापायला सांगितलंय. सुश्रुतसंहितेत तर वैद्यानं रोग्याकडे जाताना स्वतःची नखं कापलेली असावीत असं आहे. म्हणजे दोघांचाही जोर स्वच्छतेवर आहे.

आता न कापण्याची गोष्ट. पुण्याचे श्रीधर चिल्लाळ. शाळेत असताना त्यांच्या हातून एका शिक्षकांचं वाढवलेलं नख चुकून मोडलं, बोलणी बसली, आणि १९५२ मध्ये या मुलानं डाव्या हाताची नखं कापणं बंद केलं. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती कापली, तब्बल ६६ वर्षांनी! पाच नखांची मिळून लांबी ९०९.६ सेंटीमीटर, म्हणजे नऊ मीटरपेक्षा जास्त. एकट्या अंगठ्याचं नख १९७.८ सेंटीमीटर. गिनीज बुकात नाव आलं, सगळं झालं. पण तो हात कायमचा अधू झाला. बोटं ना उघडत, ना वळत. 'नख मेलेलं असतं, त्यानं काय होतंय' असं आपण म्हणतो. नख मेलेलं असतं हे खरंच, पण ते पेलणारं बोट जिवंत असतं ना!

तसंच कडेच्या कातड्याचं. दातानं कुरतडलं की नखुरडं होतं, बोट ठसठसायला लागतं, आणि आपल्याकडचा हमखास उपाय म्हणजे लिंबात बोट खुपसून बसणं. थोडं गार वाटतं, पण लिंबानं आतला पू बाहेर येत नाही. पू झाला असेल तर दवाखाना गाठा. घरात कुणाला शुगर असेल तर त्यांनी एक दिवसही थांबू नये.

आता सगळ्यात लाडका गैरसमज: नखावर पांढरा ठिपका म्हणजे कॅल्शियम कमी. मेडिकलवर जाऊन गोळ्याही आणल्या जातात. पण नख बनतं केराटिन या प्रथिनाचं, कॅल्शियम त्यात अगदी नगण्य. तो ठिपका बहुतेक वेळा साध्या माराचा असतो. दारात बोट चेमटलं, नखाच्या मुळाला धक्का बसला, आपण विसरलो, आणि काही आठवड्यांनी ठिपका वर सरकून दिसायला लागला.

आमच्या भाषेत सांगायचं तर नख ही लॉग फाइल आहे. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं स्वतःच्या अंगठ्याच्या नखाची वाढ ३५ वर्षं मोजली. (आपण स्टेप काउंटर ३५ दिवस बघत नाही!) तिशीत रोज साधारण ०.१२ मिलिमीटर, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. म्हणजे महिन्याला ढोबळ तीन मिलिमीटर. त्याच्याही आधी, १८४६ मध्ये, बो या फ्रेंच डॉक्टरनं लिहून ठेवलं होतं की मोठ्या आजारानंतर नखांवर आडवी खोबण उमटते. मुळापासून ती किती वर आलीय यावरून आजार कधी झाला याचा हिशेब लागतो. कोविडनंतर अशा खोबणी अनेकांच्या नखांवर दिसल्या.

आणि या लॉगमधली एक ओळ आपण वाचतच नाही. नख पातळ होतं, सपाट होतं, मग मध्ये खोलगट, चमच्यासारखं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो ओघळत नाही, तिथंच बसतो. मोठ्या माणसात हे बहुतेकदा लोह कमी असल्याचं लक्षण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. सगळ्यांची नखं अशी होत नाहीत, तेव्हा नख ठीक दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. आई दम लागतो म्हणते, पायऱ्या चढताना थांबते, आणि आपण पांढरा ठिपका बघून कॅल्शियम आणून देतो. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, लोहाच्या गोळ्याही तिथं मोफत मिळतात.

तर आज घरी गेलात की, किंवा व्हिडिओ कॉलवर, आईचा हात मागून घ्या आणि नखं बघा. नेलपॉलिश असेल तर आधी काढायला सांगा, खाली काही दिसत नाही.