पुतळ्याआधीचा साचा

शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. पुण्यास गेल्यावर आपल्यापैकी कित्येकींनी तो पाहिला असेल. हात जोडून आपण पुढे जातो. पण एवढे मोठे ओतकाम झाले कसे, हे सहसा मनात येत नाही.

या स्मारकासाठी राजर्षी शाहू महाराजांनी पुढाकार घेतला. १९२१ साली कोनशिला बसली. १९२२ साली महाराज निवर्तले, पण काम थांबले नाही. अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांनी पुतळा घडविला, मुंबईत माझगाव गोदीत तो एकसंध ओतला गेला आणि जून १९२८ मध्ये त्याचे अनावरण झाले. एकसंध ओतायचे म्हणजे साचा फसला की सारेच फसले!

आपण गुढीपाडव्याच्या गाठी साच्यात ओततो, तसेच हे काम. पण फार जोखमीचे. एक जुनी रीत मेणाची आहे. प्रथम मातीची मूर्ती करतात. तिच्यावर प्लॅस्टर चढवून उलटा ठसा घेतात. त्या ठशाच्या आतून, धातू जेवढा जाड हवा तेवढा मेणाचा थर देतात आणि पोकळीत विस्तव सोसणारा गाभा भरतात. मग ठसा काढून मेणाला नळ्या जोडतात, काही रस जाण्यासाठी, काही हवा निघण्यासाठी. वरून पुन्हा जाड लेप देऊन सारे भाजले की मेण वितळून जाते. त्या रिकाम्या जागी कांशाचा, म्हणजे तांबे व कथील यांचा, रस ओततात. साच्यात ओल राहिली तर, तापल्या तेलात पाणी पडावे तसा, रस उसळतो. म्हणून भाजणीत घाई चालत नाही.

ही विद्या परकी नव्हे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाच्या साच्याची कृती दिली आहे. त्याहून कितीतरी जुनी, ताम्रपाषाण काळातली धातूची चित्रे नगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली सापडली: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा.

मूर्ती निघाली की मेणाच्या रीतीतला साचा फोडावाच लागतो. मूर्तीवर नाव राहते ते शिल्पकाराचे. साचा भाजणारे, भट्टीपाशी उभे राहणारे हात कोणाच्या स्मरणात राहत नाहीत. घरोघरी असे हात आपणही पाहतोच. तेव्हा पुढच्या खेपेस मुलांना तो पुतळा दाखवाल, तेव्हा महाराजांची गोष्ट सांगाच. आणि जाता जाता या साच्याचीही सांगा.