झाडाचे नाव आणि रस्त्याचे धनी

कॅलिफोर्नियातील सिकोया राष्ट्रीय उद्यानात येणाऱ्याचे पाय आधी एका झाडाकडे वळतात. आमचेही वळले. उंची सुमारे ८४ मीटर, जमिनीलगत बुंध्याचा व्यास ११ मीटर, वय दोन हजार वर्षांच्या पुढे. घनफळाने एवढे मोठे झाड जगात दुसरे नाही. त्याचे नाव ‘जनरल शेरमन’. यादवी युद्धातील उत्तरेचा सेनापती.

पण याच झाडाला काही वर्षे लोक ‘कार्ल मार्क्स’ म्हणत होते!

ही हकीकत कविया वसाहतीची. १८८६ साली काही समाजवादी कामगार येथे आले. सर्वांनी मिळून राबायचे, लाकूड विकायचे, कमाई सर्वांची, असा त्यांचा बेत. त्यासाठी डोंगरातून रस्ता हवा होता. कुदळ-फावड्याने चार वर्षे खपून तो त्यांनी खोदला. १८९० च्या सप्टेंबरात उद्यान जाहीर झाले, आणि आठवड्याभरात हद्द वाढवून हे जंगलही त्यात घेतले गेले. जमिनीवरचे त्यांचे दावे बुडाले, भरपाई मिळाली नाही, उलट झाडतोडीचे खटले मागे लागले. १८९२ मध्ये वसाहत मोडली. जंगल वाचले हे बरेच झाले, अन्यथा करवतीने काय शिल्लक ठेवले असते? तरी रस्त्याचे मोल चुकते करायला सरकारला कोणी अडवले होते? आणि या सर्वांच्या आधीपासून येथे राहणाऱ्या मोनो आदिवासींना तर कोणी दावासुद्धा विचारला नव्हता.

तो रस्ता पुढे कॅप्टन चार्ल्स यंग यांनी महावृक्षांपर्यंत नेला. १८६४ साली केंटकीत गुलामीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय अधिकारी १९०३ च्या उन्हाळ्यात उद्यानाचा प्रभारी प्रमुख होता. हाताखाली नवव्या घोडदळाचे कृष्णवर्णीय शिपाई. त्या एका उन्हाळ्यात रस्ता पुरा झाला आणि जायंट फॉरेस्टमध्ये पहिल्यांदा घोडागाड्या पोचल्या. लोकांनी एका झाडाला यंग यांचे नाव द्यायचे ठरवले. ते नको म्हणाले. वीस वर्षांनंतरही असेच वाटले तर बघा, म्हणाले. त्याऐवजी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे नाव एका झाडाला दिले गेले. यंग यांच्या नावाचे झाड झाले ते २००४ साली. वीस नव्हे, शंभर वर्षे उलटून गेली होती.

मोरो रॉकच्या पायऱ्या चढून आम्ही वर गेलो. समोर ग्रेट वेस्टर्न डिव्हाइडची बर्फाळ रांग. ४,४२१ मीटरचे माउंट व्हिटनी तिच्या आड, येथून दिसत नाही. जुना रस्ता खालच्या झाडीत कोठेतरी असावा. १९२६ मध्ये नवा मोटाररस्ता झाला आणि त्याची वर्दळ थांबली.