लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येतं का?

बहुतेकदा नाही. लॅपटॉपसोबत येणारं विंडोज सहसा ‘ओईएम’ लायसन्सचं असतं आणि ते तुम्हाला नव्हे, त्या मशीनला दिलेलं असतं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून कंपन्या प्रॉडक्ट की मदरबोर्डवरच साठवू लागल्या. त्यामुळे हार्ड डिस्क काढून नव्या मशीनमध्ये बसवली तरी की जुन्यातच राहते. त्याच लॅपटॉपवर विंडोजची तीच एडिशन पुन्हा टाकली, तर मात्र इंटरनेट जोडताच ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते.

वेगळे पैसे मोजून घेतलेलं ‘रिटेल’ लायसन्स नेता येतं; आधी जुन्या मशीनवरून काढायला हवं. आपलं कोणतं? कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, डीएलआय टाइप करा. तिथे ओईएम दिसलं, तर नव्या कॉम्प्युटरच्या बजेटमध्ये विंडोजचा खर्चही धरा.